वाचक विचारतात : घरचा पूल, पंप किती एचपीचा आणि पाणी गरम कशाने?

पावसाळा ओसरला की फार्महाउसवर आणि बंगल्याच्या मागच्या अंगणात खड्डे खणायला सुरुवात होते. त्यामुळे या महिन्यात आलेल्या पत्रांत पूलचा पंप आणि पाणी गरम करण्याची साधनं यांवरचे प्रश्न जास्त होते. सारखे प्रश्न एकत्र करून उत्तरं दिली आहेत.

प्रश्न : मुळशी तालुक्यात ८ मीटर लांब आणि ४ मीटर रुंद पूल बांधतो आहोत. खोली एका टोकाला १ मीटर, दुसऱ्या टोकाला दीड. एक ठेकेदार २ एचपीचा पंप सांगतो, दुसरा १ एचपीचा. कोणाचं ऐकायचं?

एचपी सगळ्यात शेवटी ठरतो. आधी पाणी मोजा. ८ गुणिले ४ गुणिले सरासरी खोली सव्वा मीटर, म्हणजे ४० घनमीटर, म्हणजेच ४०,००० लिटर. घरच्या पूलचं सगळं पाणी सहा ते आठ तासांत एकदा फिल्टरमधून जावं अशी आखणी करतात. सहा तास धरले तर ताशी पावणेसात घनमीटर प्रवाह लागतो.

पुढचा टप्पा फिल्टर. वाळूच्या फिल्टरमधून पाणी जितकं सावकाश जाईल तितकं ते स्वच्छ होतं. दर चौरस मीटर वाळूमागे ताशी ३० ते ४० घनमीटर हा घरगुती पूलसाठी चांगला वेग. तुमच्या प्रवाहाला ६०० मिलिमीटर व्यासाचा फिल्टर योग्य. त्याचं क्षेत्रफळ ०.२८ चौरस मीटर भरतं, म्हणजे वेग २४ च्या आसपास राहतो. मात्र बॅकवॉशच्या वेळी, म्हणजे पाणी उलटं सोडून वाळू धुताना, वाळू उचलली जायला हवी, आणि त्यासाठी याच फिल्टरला ताशी ११ घनमीटरच्या आसपास पाणी लागतं. पंप निवडताना हा आकडा विसरला जातो आणि मग दोन वर्षांत वाळूचे गोळे होतात.

आता हेड, म्हणजे पाणी ढकलताना पंपाला लावावा लागणारा जोर, पाण्याच्या उंचीच्या मीटरमध्ये मोजलेला. पूलचं पाणी पूलमध्येच परत येतं, त्यामुळे पूल आणि पंपघर यांच्या उंचीतला फरक येताजाता जवळपास फिटतो. पंपाला झगडावं लागतं ते घर्षणाशी : पाइप, एल्बो, मल्टिपोर्ट व्हॉल्व्ह (फिल्टरमधल्या पाण्याची दिशा बदलणारा), फिल्टर, हीटर. फिल्टर घाण झाल्यावरचा वाढीव दाब धरून बहुतेक घरगुती पूलची बेरीज ८ ते १२ मीटरमध्ये बसते. म्हणून दुकानदाराला एचपी विचारू नका. “१० मीटर हेडला ताशी १० ते ११ घनमीटर देणारा पंप द्या आणि त्याचा आलेख दाखवा,” असं म्हणा. हा पंप पाऊण एचपीचा निघेल, फार तर एकचा.

२ एचपीचा पंप त्याच हेडला याच्या दुपटीहून जास्त पाणी ढकलेल. इतक्या वेगाने ६०० च्या फिल्टरमधून पाणी गेलं तर वाळूत वाटा पडतात आणि माती सरळ परत पूलमध्ये येते. पूल गढूळ दिसतो म्हणून मालक पंप आणखी जास्त वेळ चालवतात, आणि वीजबिल वाढण्यापलीकडे काही होत नाही.

पैसे मोठे करायचेच असतील तर पाइपमध्ये करा. पंपाच्या ओढीच्या बाजूला ६३ मिलिमीटरचा पाइप घाला. ताशी १० घनमीटरला त्यात पाण्याचा वेग सेकंदाला १.१ मीटर राहतो. ५० चा घातला तर तोच वेग १.७ वर जातो आणि घर्षण तिप्पट होतं. दोन पाइपांच्या किमतीतला फरक एकदाच द्यायचा असतो, घर्षणाचा भुर्दंड मात्र रोजचा. पंपाच्या तोंडाला लागून एल्बो बसवू देऊ नका, निदान ३० सेंटिमीटर सरळ पाइप हवा.

तळाचे मेन ड्रेन दोन ठेवा, किमान एक मीटर अंतरावर, आणि दोन्ही एकाच टीमध्ये जोडा. मधे असा व्हॉल्व्ह नको की ज्याने एक ड्रेन बंद होऊन सगळी ओढ दुसऱ्यावर येईल. एकाच ड्रेनवर मोठा पंप असला तर माणूस, विशेषतः लहान मूल, तिथे चिकटून अडकू शकतं. अमेरिकेत २००२ साली व्हर्जिनिया ग्रॅम बेकर ही सात वर्षांची मुलगी गरम पाण्याच्या टबमध्ये अशीच ड्रेनला अडकून बुडाली, आणि २००७ मध्ये तिच्या नावाने तिथे कायदाच झाला. आपल्याकडे ठेकेदार “एक पुरे” म्हणतो तेव्हा ऐकू नका.

प्रश्न : शेतावरचा चांगल्या स्थितीतला मोनोब्लॉक पडून आहे. तोच पूलला लावला तर?

लावू नका. शेतीच्या मोनोब्लॉकचं बीड क्लोरीनच्या पाण्यात गंजतं आणि गंजाचे तांबूस डाग पूलच्या टाइल्सवर बसतात. त्याला पुढे केसपाल्याची जाळी नसते, त्यामुळे पहिल्याच आठवड्यात आंब्याचं पान इंपेलरमध्ये (पंपाच्या आतल्या फिरत्या चाकात) अडकतं. शिवाय हे पंप बऱ्याचदा २० ते ३० मीटर हेडसाठी बनवलेले असतात. फायबरच्या पुष्कळ फिल्टरांची मर्यादा अडीच बार, म्हणजे २५ मीटर. परतीचा एखादा व्हॉल्व्ह चुकून बंद राहिला तर फिल्टर फुटू शकतो. पूलचा पंप प्लॅस्टिकच्या बॉडीचा, जाळीचं भांडं जोडलेला आणि स्वतः पाणी ओढून घेणारा असतो. त्याची जास्तीची किंमत याच तीन गोष्टींची आहे. मोनोब्लॉक बागेला पाणी द्यायला ठेवा.

प्रश्न : लोणावळ्याचा बंगला. पंपघर जमिनीखाली केलं तर पावसाळ्यात पाणी भरेल अशी भीती वाटते. जमिनीवर केलं तर पंप रोज सकाळी हवा धरेल असं प्लंबर म्हणतो.

दोघांचंही बरोबर आहे. पण पंप बुडण्यापेक्षा पंपाने हवा धरणं परवडतं. लोणावळ्यात जमिनीखालचं पंपघर करायचंच असेल तर तळाशी पाणी गोळा व्हायला ६० सेंटिमीटर खोल सम्प (खड्डा), त्यात फ्लोट स्विचचा छोटा सबमर्सिबल, पंपासाठी २० सेंटिमीटर उंच ओटा आणि वीजपेटी जमिनीच्या वर, इतकं लागतंच. आणि जुलैत वीज गेली तर सम्पचा पंपही बंद पडतो, हेही ध्यानात घ्या.

जमिनीवर ठेवायचा तर पंप पाण्याच्या पातळीपासून एक ते दीड मीटरपेक्षा वर नको आणि पूलच्या शक्य तितका जवळ हवा. पत्रकात तीन मीटर ओढ लिहिलेली असते, ती नव्या सीलच्या पंपाची. ओढीच्या पाइपात नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह बसवा आणि जाळीचं भांडं पाण्याने भरल्याशिवाय पहिल्यांदा चालू करू नका.

पंप रोज हवा धरत असेल तर दोष बहुधा पंपात नसतो. परतीच्या तोंडातून बुडबुडे येतात का ते पाहा. येत असतील तर ओढीच्या बाजूला कुठेतरी हवा शिरते आहे. शोधायचा क्रम असा : जाळीच्या झाकणाचं रबर रिंग, मग युनियन, मग व्हॉल्व्हच्या दांड्याचं पॅकिंग. पंप चालू असताना प्रत्येक जोडावर पाणी ओता, ज्या जोडावर ओतल्यावर बुडबुडे थांबतात तो दोषी. रिंगला सिलिकॉन ग्रीस लावा. व्हॅसलीन किंवा तेलाने रबर फुगतं. हे सगळं ठीक असेल तर स्किमरमधली (पृष्ठभागावरचा कचरा ओढून घेणाऱ्या भिंतीतल्या तोंडातली) पाण्याची पातळी पाहा. ती तोंडाच्या निम्म्याखाली गेली असेल तर हवा तिथूनच येते.

पंपघरात ॲसिडचे कॅन ठेवू नका. त्याच्या वाफा मोटर आणि वीजपेटी दोन्ही खातात. ब्लीचिंग पावडर आणि क्लोरीनच्या गोळ्या एकाच भांड्यात, एकाच मापाने कधीही काढू नका, दोन्ही एकमेकांत मिसळल्या तर आग लागते.

प्रश्न : पाचगणीला ४०,००० लिटरचा पूल. डिसेंबर–जानेवारीत पाणी इतकं गार की मुलं पाय घालून परत येतात. इलेक्ट्रिक हीटर लावावा की हीट पंप? किती किलोवॉटचा?

४० घनमीटर पाणी एक अंश तापवायला साडेशेहेचाळीस युनिट (किलोवॉट-तास) उष्णता लागते. पाणी २० अंशांवर असेल आणि मुलांसाठी २८ हवं असेल तर ३७२ युनिट. हा झाला फक्त पहिल्या तापवणीचा हिशोब.

इलेक्ट्रिक हीटर एका युनिट विजेत एक युनिट उष्णता देतो. दहा रुपये युनिट धरलं तर पहिली तापवणी ३,७२० रुपयांची. १८ किलोवॉटचा हीटर हे काम जेमतेम २१ तासांत करेल, पण त्याला थ्री फेजवर प्रत्येक फेजमागे २५ अँपिअर लागतात, म्हणजे मंजूर भार वाढवून घेणं आलं. हीट पंप हवेतली उष्णता ओढून पाण्यात टाकतो. पाचगणीच्या हिवाळी हवेत तो एका युनिट विजेत साधारण चार युनिट उष्णता देईल असं धरा. तेच काम ९३ युनिटमध्ये, म्हणजे ९३० रुपयांत होतं. यंत्र महाग आहे, पण वर्षाला दोन-तीन महिने जरी वापर असला तरी हीट पंपच घ्यावा. इलेक्ट्रिक हीटर छोट्या जकुझीपुरता ठीक.

आता झाकणाबद्दल, कारण पत्रात त्याचा उल्लेखच नाही. पूलची उष्णता सर्वांत जास्त जाते ती बाष्पीभवनाने. एक लिटर पाणी उडून जाताना सुमारे ०.६८ युनिट उष्णता घेऊन जातं. तुमचा पूलही वरच्यासारखा ८ बाय ४ मीटरचा धरला, तर त्याच्या ३२ चौरस मीटर पाण्यावरून वाऱ्याच्या दिवशी पाच मिलिमीटर पाणी उडालं तर ते झालं १६० लिटर, आणि त्याबरोबर १०८ युनिट उष्णता गेली. म्हणजे एका दिवसात सव्वादोन अंशांहून जास्त घट. दिवसा ऊन यातलं बरंच भरून काढतं, पण रात्री पाचगणीच्या वाऱ्यात कोणी भरून काढत नाही.

१४ किलोवॉटचा म्हणून विकला जाणारा हीट पंप दुपारच्या २२–२४ अंश हवेत १२ ते १३ किलोवॉट देईल. सकाळी दहा ते संध्याकाळी पाच चालवला तर दिवसाला ८५–९० युनिट उष्णता मिळाली. पूल उघडा असेल तर ही सगळी कमाई वाऱ्यावर जाते. ४०० किंवा ५०० मायक्रॉनचं बुडबुड्यांचं झाकण रात्रभर घातलं तर बाष्पीभवन जवळपास थांबतं आणि हाच १४ किलोवॉटचा पंप आरामात पुरतो. झाकण न घेता २१ किलोवॉटचा हीट पंप घेणं म्हणजे भोक पडलेल्या बादलीला मोठा नळ लावणं. झाकण घालताना बुडबुडे पाण्याच्या बाजूला ठेवा. हे झाकण मुलांच्या सुरक्षेसाठी नसतं. त्यावर मूल पडलं तर झाकणाखाली गुरफटतं, म्हणून कुंपण वेगळं हवंच.

पत्रक वाचताना एक गोष्ट नीट पाहा. हीट पंपाची क्षमता सहसा दोन परिस्थितींत छापतात : २६–२७ अंश हवेतली आणि १५ अंश हवेतली. विक्रेता पहिली मोठ्या अक्षरांत दाखवतो. थंड हवेच्या ठिकाणी दुसरी विचारा. ती पहिलीपेक्षा पाव ते तृतीयांश कमी असते. एक्स्चेंजर (पूलच्या पाण्याला उष्णता देणारा भाग) टायटॅनियमचा आहे ना, हेही लिहून घ्या. तांब्याचा असेल तर क्लोरीनच्या पाण्यात टिकत नाही.

पहिल्या तापवणीला दोन दिवस-रात्र लागतील किंवा फक्त दिवसा चालवून पाच-सहा दिवस. शुक्रवारी रात्री बटण दाबून शनिवारी सकाळी गरम पाणी हवं असेल तर हीट पंपाकडून ते होणार नाही. तेवढ्यासाठी गॅसचा हीटर लागतो. १९ किलोच्या व्यावसायिक सिलिंडरमधून हीटरचा तोटा वजा जाता २०० युनिटच्या आसपास उष्णता मिळते. वरच्या आठ अंशांना दोन सिलिंडर धरा. घरगुती सिलिंडर यासाठी वापरायला परवानगी नाही.

प्रश्न : नाशिकला छतावर २०० लिटरचा सोलर आहे. उन्हाळ्यात त्याचं पाणी वायाच जातं. ते पूलमध्ये सोडलं तर?

सोडा, पण फरक जाणवणार नाही. २०० लिटर पाणी ३५ अंशांनी तापलं तर त्यात आठ युनिट उष्णता असते. ४०,००० लिटरच्या पूलला ती एका अंशाच्या पाचव्या हिश्शाइतकीही नाही. शिवाय पूलचं क्लोरीनचं पाणी या टाकीतून फिरवलं तर स्टीलची टाकी गळायला लागते.

पूलसाठी वेगळी सोलर यंत्रणा येते : काच नसलेल्या, काळ्या पॉलिप्रॉपिलीनच्या नळ्यांच्या चटया. पूलच्या पृष्ठभागाच्या निम्म्यापासून पूर्ण क्षेत्रफळाएवढी जागा छतावर लागते. ३२ चौरस मीटरच्या पूलला १६ ते ३२. फिल्टरनंतरचं पाणी मोटरवाल्या थ्री-वे व्हॉल्व्हने वर जातं, आणि वरचा सेन्सर पूलपेक्षा चार-पाच अंश जास्त दाखवेल तेव्हाच व्हॉल्व्ह उघडतो. दुमजली छत असेल तर पंपाच्या हेडमध्ये या चटयांचं घर्षण आणि सुरुवातीला पाणी वर चढवण्याची उंची दोन्ही धरा, पाऊण एचपी तिथे कमी पडतो. बोअरचं जड पाणी असेल तर नळ्यांत क्षार साचतात. छतावर जागा कमी असेल तर वीज बनवणारे सोलर पॅनल आणि हीट पंप ही जोडी जास्त सोयीची. ३ किलोवॉटच्या पॅनलमधून चांगल्या उन्हात दिवसाला १२ युनिटच्या आसपास वीज मिळते, तेवढ्यात १४ किलोवॉटचा हीट पंप चार तास चालतो.

प्रश्न : अलिबागला पूल गरम करायची गरज पडेल का?

झाकण घ्या आणि एक हिवाळा जाऊ द्या. पंपघरात हीटरसाठी जागा, बायपासचे (हीटरला वळसा घालून पाणी नेण्याचे) तीन व्हॉल्व्ह आणि केबलची नळी मात्र आत्ताच ठेवा.

प्रश्न : इन्व्हर्टरचा, वेग कमी-जास्त होणारा पंप जवळजवळ दुप्पट किमतीला आहे. पैसे वसूल होतात का?

रोज वापर असेल तर होतात. तुमचा साधा पंप ०.८५ किलोवॉट घेतो आणि आठ तास चालतो असं धरू : ६.८ युनिट. वेग ६० टक्क्यांवर आणला की प्रवाह ६० टक्के होतो, पण वीज गणितानुसार पाचव्या हिश्शावर येते, प्रत्यक्षात पाव किलोवॉट धरा. तेवढंच पाणी फिरवायला साडेतेरा तास लागतील आणि ३.४ युनिट. महिन्याला शंभरेक युनिट वाचले. आवाजही खूप कमी, शेजारच्या बंगल्याची खिडकी जवळ असेल तर ते मोलाचं. फक्त शनिवार-रविवार उघडणाऱ्या फार्महाउसला साधाच पुरे.

दोन अटी लक्षात ठेवा. बॅकवॉश नेहमी पूर्ण वेगावर करायचा. आणि हीट पंपाच्या पाटीवर लिहिलेला किमान प्रवाह, १४ किलोवॉटला बहुधा ताशी चार ते सहा घनमीटर, त्याखाली वेग नेला तर हीट पंप फ्लोचा एरर दाखवून बंद पडतो.

प्रश्न : खंडाळ्याला नवा हीट पंप बसवला. खालून सारखं पाणी गळतं, परतीचं पाणी हाताला गरम लागत नाही, आणि आठवड्यातून दोनदा आपोआप बंद पडतो. यंत्र परत करावं का?

घाई नको. गळतं ते पाणी बहुधा हवेतल्या दमटपणाचं आहे, एसीच्या पाइपमधून पडतं तसंच. खात्री करायची तर क्लोरीन तपासायच्या किटमध्ये ते घाला. क्लोरीन निघालं तर एक्स्चेंजर गळतो आहे, नाहीतर चिंता नको. परतीचं पाणी गरम लागत नाही हेही ठीकच. १४ किलोवॉटमधून ताशी पाच घनमीटर पाणी गेलं तर ते फक्त अडीच अंशांनी तापतं. हाताला ते कळत नाही, थर्मामीटरने आत आणि बाहेर दोन्हीकडे मोजा. फरक एक अंशाखाली असेल तर प्रवाह फार जास्त आहे किंवा गॅस कमी झाला आहे. चार-पाचच्या वर गेला तर प्रवाह कमी आहे, बायपास नीट लावा.

बंद पडण्याची कारणं क्रमाने तपासा. फिल्टरचा दाब स्वच्छ असतानापेक्षा अर्धा बार वाढला असेल तर बॅकवॉश करा : पंप बंद, मग मल्टिपोर्टचं हँडल फिरवा, मग पंप चालू, काच स्वच्छ होईपर्यंत दोन-तीन मिनिटं, पुन्हा पंप बंद, रिन्सवर अर्धा मिनिट. पंप चालू असताना हँडल फिरवलं तर आतलं चाकाच्या आऱ्यांसारखं रबर फाटतं आणि पूलचं पाणी गुपचूप गटारात जात राहतं. नंतर यंत्राची जागा पाहा. पंखा ज्या बाजूला हवा फेकतो तिथे अडीच-तीन मीटर मोकळं हवं आणि मागे निदान अर्धा मीटर. पंपघरात किंवा जिन्याखाली कोंबलेलं यंत्र स्वतःचीच गार हवा परत ओढतं आणि त्याच्या कॉइलवर बर्फ धरतं.

यानंतर वीज. डोंगरातल्या वाडीवर संध्याकाळी व्होल्टेज १८० पर्यंत उतरत असेल तर कॉम्प्रेसर सुरूच होत नाही. यंत्र सकाळी-दुपारी चालवा, स्वतंत्र ४ चौरस मिलिमीटरची केबल आणि सी प्रकारचा एमसीबी घ्या. थ्री फेज यंत्र असेल तर विहिरीच्या मोटरला लावतो तसा सिंगल फेज प्रिव्हेंटर लावाच. एक फेज गेलेला असताना कॉम्प्रेसर चालू राहिला तर जळतो. पूलच्या सगळ्या विजेवर ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (वीज गळू लागताच पुरवठा तोडणारा स्विच) आणि नीट अर्थिंग असायलाच हवं.

जाता जाता क्लोरीनची जागाही पाहून घ्या. गोळ्यांचा डोसर हीट पंपानंतर, सर्वांत शेवटी असतो, आणि मधे नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह लागतो. नाहीतर पंप बंद असताना तीव्र क्लोरीन उलटं एक्स्चेंजरमध्ये जाऊन बसतं. स्किमरच्या टोपलीत टाकलेल्या गोळ्यांचं आम्लयुक्त पाणी तर थेट पंप, फिल्टर आणि हीटरमधून जातं. पाण्याचा पीएच ७.२ ते ७.६ मध्ये ठेवा. वॉरंटीच्या वेळी कंपनीचा माणूस आल्या आल्या डोसर कुठे आहे हे पाहतो आणि पीएच तपासतो.